सोडून देतो म्हणे!

"आम्ही मारत नाही हो, पकडतो आणि सोडून देतो."

हे वाक्य गेल्या काही वर्षांत मी आपल्याच माणसांच्या तोंडून इतक्यांदा ऐकलंय, की आता ते कानावर आलं तरी माझं डोकं तापतं. बोलणारी मुलं वाईट नाहीत. बेळगाव, निपाणी, चिकोडीकडून शिकून बाहेर पडलेली, सिएटल नाहीतर व्हँकुव्हरकडे स्थिरावलेली. घरात कांदा-लसूण नाही, चतुर्दशीला हिरवी भाजी नाही, दशलक्षणात दहाही दिवस एकाशन. आणि जुलै-ऑगस्ट उजाडला की शनिवारी पहाटे होडी काढून सॅमन पकडायला! इकडे आईला फोटो येतो. दोन्ही हातांवर आडवा धरलेला चंदेरी मासा, मागे निळं पाणी, पोराच्या तोंडभर हसू. आईच्या पोटात गोळा येतो. मग फोनवर हे वाक्य येतं आणि गोळा विरघळतो. संध्याकाळी बस्तीत शेजारीण विचारते, तेव्हा तीच आई सांगते, "नाही गं, मारत नाही तो. सोडतो."

माझं भांडण या वाक्याशी आहे. मासे पकडून पोट भरणाऱ्यांशी नाही, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी मला गोव्याच्या खारव्यांच्या किंवा मालवणच्या गाबितांच्या अंगावर घालायला नको. सिएटलच्या पिजेट साउंड खाडीवर जे मूळ रहिवासी आहेत, त्यांचं तर सगळं जगणंच सॅमनवर उभं. 1974 साली तिथल्या न्यायालयानं त्यांचा निम्म्या माशांवरचा हक्क मान्य केला. हंगामातला पहिला सॅमन ते समारंभानं वाटून खातात आणि त्याची हाडं पाण्याला परत करतात. त्यांचं ताट वेगळं, माझं वेगळं. पण त्यांच्यातला कुणी "मी मारत नाही" असं म्हणत नाही. मारलं तर मारलं म्हणतात.

तर ही सॅमनची मासेमारी असते तरी कशी? आपल्या डोळ्यांपुढे काठावर गळ टाकून बसलेला माणूस येतो. तसं नाही हे. याला ट्रोलिंग म्हणतात. (मुलींनो, मोबाईलवरचं ट्रोलिंग नव्हे. तरी दोन्हीकडे आमिष ओढत फिरायचं आणि कोण चावतंय ते बघायचं, एवढं साम्य आहेच.) माणूस रमतगमत चालेल तेवढ्या वेगानं, ताशी दोन-तीन मैलांनी, होडी तासन्‌तास चालू ठेवायची आणि मागे आमिष ओढत न्यायचं. चिनूक नावाचा सगळ्यांत मोठा सॅमन बहुधा खोल पाण्यात असतो. तिथवर आमिष पोचवायला होडीच्या कडेला डाउनरिगर नावाचा एक छोटा रहाट बसवतात. त्याच्या पोलादी तारेला दहा-पंधरा पौंडांचा शिशाचा गोळा, गोळ्याजवळ चिमटा, आणि चिमट्यात आपली दोरी अडकवलेली. मासा आमिषावर तुटून पडला की दोरी चिमट्यातून सुटते. मग मासा आणि माणूस यांच्यामध्ये तीनच वस्तू राहतात. काठी, रीळ आणि दोरी.

या तीन वस्तू निवडण्याचं एक शास्त्रच आहे. दोन उन्हाळे मी बहिणीच्या मुलाकडे सिएटलजवळ राहून आले. त्याच्या टेबलावर दुकानाचं जाडजूड माहितीपुस्तक पडलेलं असे, आणि छापलेलं काहीही हाती आलं की मी वाचते. शिवाय खरेदीला जाताना तो मलाही गाडीत घालून नेई. दुकानदार त्याला समजावून सांगायचा, मी शेजारी उभी. तेव्हा ऐकीव काही लिहीत नाहीये. आणि माझं म्हणणं असं आहे, की या मुलांचं वाक्य खोडायला आगम उघडायचीसुद्धा गरज नाही. त्यांनी डॉलर मोजून घेतलेल्या वस्तूच ते खोडून काढतात.

काठीपासून सुरू करू. साडेआठ ते साडेदहा फूट लांब. मोठ्या माशाला कडक काठी लागत असेल, असं आपल्याला वाटतं. दुकानात उलटं सांगतात. डाउनरिगरवरची काठी मऊ हवी, पार मुठीपर्यंत वाकत जाणारी. म्हणून निव्वळ ग्रॅफाइटपेक्षा फायबरग्लासची, किंवा दोन्हींच्या मिश्रणाची बरी. का म्हणाल तर दोन कारणं. ही काठी डाउनरिगरला लावताना धनुष्यासारखी ताणून ठेवतात. चिमटा सुटला की ती उसळून सरळ होते, दोरीतली ढील ओढून घेते आणि गळ तोंडात रुततो. दुसरं कारण वाचून मी पुस्तक मिटून बाजूला ठेवलं होतं. गळ लागलेला सॅमन डोकं जोरजोरात झटकतो. काठी कडक असेल तर त्या झटक्यांनी तोंडाचं मांस फाटून गळ निसटतो. मऊ काठी एकेक झटका आपल्या पोटात घेते, आणि गळ रुतलाय तिथेच राहतो.

कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबियात सॅमनसाठी उलटा काटा नसलेलाच गळ वापरायचा, असा नियम आहे. सोडताना कमी फाटावं म्हणून. नियम चांगलाच. पण असा गळ दोरी क्षणभर ढिली पडली तरी निसटतो, म्हणून दुकानदार म्हणतो, मग तर काठी आणखी मऊ घ्या. सरकारनं माशाला सुटायला फट ठेवली, ती बुजवायची सोय काठीत झाली.

आता मला सांगा, डोकं का झटकतो तो? गंमत म्हणून? ज्यानं ही काठी घडवली त्याला पक्कं ठाऊक आहे, की पलीकडचा जीव सुटण्यासाठी जिवाच्या आकांतानं धडपडणार. त्या धडपडीचा अंदाज घेऊनच काठी किती वाकावी हे ठरलेलं आहे. भाच्याला मी विचारलं, "तुला एवढं सोडूनच द्यायचं असतं, तर मग तो निसटू नये म्हणून दोनशे डॉलरची काठी कशाला?" म्हणाला, "मावशी, तू काहीही विचारतेस."

रिळाचं यंत्र मात्र सुरेख असतं, खोटं कशाला बोलू. दोरी एकसारखी गुंडाळली जावी म्हणून पुढे एक सरकता दुवा असतो, आणि किती फूट दोरी सुटली ते दाखवणारे आकडे. ज्या खोलीवर मासा लागला, तिथेच पुन्हा आमिष सोडता यावं म्हणून. पण रिळाचा जीव असतो तो ड्रॅगमध्ये. ज्यांनी शिवणयंत्र चालवलंय त्यांना हे चटकन कळेल. आपल्या मशीनला धाग्याचा ताण कमी-जास्त करायचा स्क्रू असतो ना, तसाच. ठरवलेल्या ताणापेक्षा जास्त ओढ बसली की रीळ दोरी सोडायला लागतं, म्हणजे ती तुटत नाही. सर्वसाधारण हिशेब असा, की दोरीच्या ताकदीच्या पाव ते एक तृतीयांश ताण ठेवायचा. वीस पौंडांची दोरी असेल तर पाच ते सात पौंड. म्हणजे माशाला पळता येतं, पण प्रत्येक वावेला पाच-सात पौंडांचं ओझं ओढत. पळून पळून तो दमतो, दमला की गुंडाळायचं. अंगात थोडी रग आली की तो पुन्हा पळतो. पुन्हा सोडायचं, पुन्हा गुंडाळायचं. इंग्रजीत याला मासा खेळवणं म्हणतात. आपल्याकडे मांजर उंदराला करतं त्याला हाच शब्द आहे, आणि आपण तो मांजराच्या कौतुकानं वापरत नाही.

रीळ सुटताना किंचाळतं. त्या आवाजावर ही मंडळी इतकी खूश, की फोनमध्ये त्याचं रेकॉर्डिंग करून ठेवतात. कॅनडाकडे काही जण जुन्या पद्धतीचं, गिअर नसलेलं रीळ वापरतात. मासा पळाला की त्याची मूठ उलटी गरगरते आणि बोटांची पेरं ठेचते. त्यात म्हणे माशाला बरोबरीची संधी मिळते! एकाच्या बोटाला लागलं आणि दुसऱ्याच्या जबड्यात पोलाद घुसलंय. ही बरोबरी कुठल्या तराजूत तोलली, देव जाणे.

आता दोरी. आपल्याकडे तिला तंगूस म्हणतात, मणी ओवायला आपणही आणतो. सॅमनसाठी साधारण वीस ते तीस पौंडांचा एकेरी नायलॉन धागा चालतो. तो ताणला की लांबतो, त्यामुळे झटके सोसतो. दुसरा प्रकार विणलेल्या धाग्याचा. तो मुळीच लांबत नाही, फार बारीक असतो, पाणी कापत जातो आणि हाताला गुंडाळला तर कातडीही कापतो. खोल पाण्यात बारीक दोरीला पाण्याची ओढ कमी लागते म्हणून हल्ली तो खूप खपतो. अमेरिकेतल्या मोठ्या सरोवरांवर तर शिसं भरलेली दोरी वापरतात. दर दहा यार्डांवर तिचा रंग बदलतो, म्हणजे किती रंग पाण्यात गेले त्यावरून खोली कळते. (त्या सरोवरांत पॅसिफिककडचे सॅमन मुळात नव्हतेच. 1966-67 साली मिशिगन राज्यानं पॅसिफिककडून आणून सोडले. उपद्रवी छोटे मासे खायला, आणि माणसांना पकडायची मौज मिळावी म्हणून. मौजेसाठी जीव पैदा करून ठेवायचा! पण तो विषय इथे नको.) गळाच्या जवळचा शेवटचा तुकडा फ्लुरोकार्बनचा घ्यावा, तो पाण्यात माशाला कमी दिसतो, असं दुकानदार सांगतो.

दोरीपाशी मी जरा रेंगाळणार आहे, कारण खरा दांभिकपणा इथेच आहे. त्या लोकांत एक प्रतिष्ठेची समजूत आहे, की जेवढी बारीक दोरी तेवढा खेळ उमदा. जाड दोरीनं कुणीही ओढेल, बारीक दोरीनं मोठा मासा आणला तर तुम्ही कसबी. आपली मुलंही हे शिकली. वर त्याला अहिंसेची फोडणी देतात, हलकं साहित्य म्हणजे माशाला कमी त्रास! अरे, उलट आहे ना ते. दोरी बारीक म्हणजे ड्रॅग ढिला, ड्रॅग ढिला म्हणजे मासा जास्त वेळ पळणार. जाड दोरीनं पाच मिनिटांत जवळ आला असता, तो वीस मिनिटं झगडणार. त्याच्या स्नायूंत आम्ल साचत जातं, दम संपतो, आणि शेवटी तो कडेवर आडवा होऊन तरंगतो. त्या अवस्थेतल्या जिवाला पाण्याबाहेर काढून, फोटो होईपर्यंत धरून, मग "जा बाळा" म्हणून सोडायचं. आपल्याला कुणी वीस मिनिटं धावायला लावून वर नाक-तोंड दाबून धरलं तर?

सोडल्यावर काय होतं? काही जगतात. काही मरतात, तास-दोन तासांनी, होडी पुढे निघून गेल्यावर. कल्ल्याला गळ लागून रक्त आलेले फारसे वाचत नाहीत. कोहो सॅमनचे समुद्रात असताना खवले इतके नाजूक, की जाळीला घासले तरी गळतात. हे मी पदरचं सांगत नाही. तिथली मत्स्यखाती हंगामाचा हिशेब मांडतानाच सोडलेल्यांपैकी मरणारे वेगळे धरतात. सरकारी वहीत ज्यांची मृतांत नोंद होते, ते आमच्या मुलांच्या वहीत जिवंत!

आणि हे सोडणं तरी कितीसं आपखुशीचं? पिजेट साउंडमधला चिनूक 1999 पासून धोक्यातला जीव म्हणून कायद्यानं संरक्षित आहे. हॅचरीत वाढवलेल्या पिल्लांचा पाठीवरचा शेपटीजवळचा छोटा पर कापून खूण करतात. ज्याचा पर कापलेला तो ठेवायचा, ज्याचा शाबूत तो सोडायचाच. तो तर होडीत उचलून घ्यायलाही बंदी आहे. म्हणजे पुष्कळदा ही मुलं कायदा पाळतात आणि आईला दया म्हणून सांगतात. त्याच पाण्यात ऑर्का देवमाशांचा एक कळप पिढ्यान्‌पिढ्या राहतो. त्यांचं मुख्य अन्न हाच चिनूक. 2005 पासून तो कळपही नष्ट होण्याच्या मार्गावरचा म्हणून जाहीर आहे. 2018 च्या उन्हाळ्यात त्यांतली एक आई आपलं मेलेलं पिल्लू सतरा दिवस डोक्यावर घेऊन पोहत होती, ते जगभरच्या वर्तमानपत्रांत आलं होतं. त्या बातमीवर हळहळणारी आणि शनिवारी त्याच पाण्यात गळ ओढणारी माणसं एकच आहेत.

अजून एक राहिलंच. आमिष. चमकत्या पत्र्याचं किंवा प्लास्टिकचं असतं, कबूल. पण नावाजलेलं आमिष म्हणजे हेरिंग. गोठवलेल्या हेरिंगची डझनावारी खोकी मिळतात. त्याचं डोकं तिरकं कापायचं, म्हणजे पाण्यात ते जखमी माशासारखं गिरक्या घेतं, आणि त्यात दोन गळ ओवायचे. एका सॅमनला सोडून देईपर्यंत अशा किती हेरिंगा जातात? त्यांना कोण सोडतं? "सोडतो" म्हणणाऱ्यानं त्या खोक्याचा हिशेब द्यावा.

यावर मला जी उत्तरं मिळाली ती सगळी शिकलेल्या माणसांची होती.

पहिलं, माशाला वेदना होत नाहीत. आपल्या पाठशाळेतल्या सात वर्षांच्या पोराला विचारा, मासा किती इंद्रियांचा? जलचर पंचेंद्रिय, तो झोपेतही सांगेल. विज्ञानच हवं असेल तर 2003 साली ब्रिटनमधल्या लिन स्नेडन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ट्राउट माशाच्या डोक्यावर आणि तोंडाभोवती इजा जाणवणारे मज्जातंतू असल्याचं दाखवून दिलं. हा ट्राउट सॅमनच्याच कुळातला. वाद पुढेही चालला, चालू दे. पण पुन्हा त्या दुकानातच चला. डोळ्याला भुलवायला चकाकणारा फ्लॅशर. नाकाला भुलवायला बाटलीतला वास, आणि माणसाच्या हाताचा वास लागू नये म्हणून हातमोजे. कानाला भुलवायला खुळखुळणारे मणी. दिसू नये म्हणून खास दोरी. ज्या जिवाच्या डोळ्या-नाका-कानांचा इतका बारीक अभ्यास करून माल विकतात, त्याला गळ मात्र जाणवत नाही म्हणे. स्वित्झर्लंडमध्ये निव्वळ सोडून देण्याच्या इराद्यानं मासे पकडायला कायद्यानं बंदी आहे. जर्मनीत वाजवी कारणाशिवाय प्राण्याला यातना देणं गुन्हा आहे, आणि फक्त खेळ हे कारण तिथे धरत नाहीत. ते लोक मासे खातात हो, भरपूर खातात. त्यांना जे उमगलं ते पाणी गाळून पिणाऱ्यांच्या नातवंडांना उमगू नये?

दुसरं उत्तर मात्र ऐकून मी गार झाले. "काकू, मृगसेन धीवरानंही मासा सोडलाच ना?" कथा आपण सगळ्यांनी ऐकलीय. मुनींकडून त्यानं नियम घेतला, की जाळ्यात येणारा पहिला मासा सोडायचा. त्या दिवशी तोच मासा पुन्हा पुन्हा जाळ्यात आला, आणि खूण ओळखून यानं पुन्हा पुन्हा सोडला. रिकाम्या हातांनी घरी गेला, बायकोनं दार लावून घेतलं. आता बघा. त्याचा धंदा मासे मारण्याचा, पोट त्यावर. त्या दिवशीची भाकरी सोडून त्यानं मासा सोडला. आमचा हा धीवर शुक्रवारी रात्री पनीर खाऊन झोपतो, पोटाला काही कमी नाही, आणि सोडता यावा म्हणून मुद्दाम पकडायला जातो. मृगसेन गळाकडून दयेकडे चालला होता. हा दयेच्या घरातून निघून गळाकडे चाललाय, आणि वाटेत दोघं एका ठिकाणी दिसले म्हणून म्हणतो, आम्ही सोबतीच!

एकीनं तर जिवाणीचा दाखला दिला. पाणी गाळल्यावर गाळण्यातले जीव आपण परत विहिरीत सोडतो, तसंच हे. माझी आजी जिवाणी सोडायची ती मी पाहिलीय. वरून ओतायची नाही. कडीची बादली पार पाण्याला टेकवायची, मग ती उलटी व्हायची. न दिसणाऱ्या जिवाला वरून पडल्याचा धक्का बसू नये म्हणून एवढा खटाटोप. आणि पाणी ती तहानेसाठी काढायची. जीव पकडायची हौस म्हणून विहिरीवर गेली नव्हती.

तिसरं उत्तर ठरलेलंच, मग तुम्ही रेशमी शालू कसा नेसता, दूध कसं पिता? रेशमावर आणि गोठ्यांवर खुशाल बोला, मीही बोलते, कडक बोलते. पण चुलीत विस्तव आहे म्हणून अंगणात आग लावायला परवानगी मिळत नाही. गृहस्थाच्या हातून स्वयंपाकात, शेतीत, धंद्यात हिंसा होते, हे धरूनच आपल्याकडे आरंभी आणि उद्योगी असे भेद केले. श्रावकानं सोडायचीच अशी जी, ती संकल्पी. ठरवून, पाहून, नेम धरून केलेली. सॅमनचा परवाना काढून, भरतीची वेळ बघून, पहाटे तीनचा गजर लावून केलेल्या गोष्टीला संकल्प नाही म्हणायचं तर कशाला म्हणायचं? आणि कारणावाचून केलेली म्हणून ती अनर्थदंडातही बसते. खाणाऱ्याजवळ निदान कारण तरी असतं.

म्हणून एक विचित्र गोष्ट सांगते, रागवा हवं तर. तिकडे जो खरोखर खाण्यासाठी सॅमन पकडतो, त्याला साहित्य निवडताना मी म्हणेन, दोरी जाड घे. तीस पौंडांची घे, ड्रॅग नीट आवळ, उलट्या काट्याचा गळ घेऊ नको, लवकर जवळ आण, एका घावात संपव, आणि ताटापुरता झाला की होडी वळव. बारीक दोरीची मिजास करू नको. हा पापोपदेश झाला असं कुणी म्हणेल. पण वीस मिनिटं खेळवून, अर्धमेला सोडून, वर अहिंसेचं प्रमाणपत्र खिशात घालणाऱ्यापेक्षा हा माणूस मला कमी अपराधी वाटतो.

आता आयांनो, आत्यांनो, तुमच्याकडे वळते. गेल्या दिवाळीत आपल्या ओळखीच्या तीन घरांतून नातवंडांसाठी मासेमारीचे छोटे संच पाठवले गेले, मला माहीत आहेत. गुलाबी काठी, त्यावर परीचं चित्र. "तिकडं सगळी मुलं करतात, आपलं का मागं राहावं?" अनर्थदंडाच्या पाच प्रकारांत हिंसादान आहे. हत्यार दुसऱ्याच्या हातात देणं. समंतभद्राचार्यांनी ते लिहिलं तेव्हा त्यांच्यापुढे कुऱ्हाडी-तलवारी होत्या. काठीवर परी आहे म्हणून ती त्या यादीतून सुटत नाही. अठराव्या तीर्थंकरांचं, अरनाथांचं लांछन मासा आहे. देव्हाऱ्यात त्याला गंधाक्षता आणि वाढदिवसाला नातीच्या हातात गळ, हे एकाच घरात कसं नांदायचं ते मला तरी कळत नाही.

पोरांना सॅमन दाखवू नका असं मी म्हणत नाही. सिएटलमध्ये बॅलार्ड लॉक्स म्हणून जागा आहे. समुद्रातून सरोवराकडे चढून जाणाऱ्या सॅमनसाठी तिथे एकवीस पायऱ्यांची पाण्याची शिडी बांधलीय, आणि खाली उतरून काचेतून ते बघता येतात. तिकीट नाही. जुलैत सॉकाय, ऑगस्टच्या उत्तरार्धात चिनूक, सप्टेंबरच्या अखेरीस कोहो. जन्मलेल्या ओढ्याचा वास आठवत काही वर्षांनी समुद्रातून परत येतात, गोड्या पाण्यात शिरल्यावर खाणं सोडतात, अंडी घालतात आणि मरतात. अन्नपाणी सोडून शेवटाकडे निघालेला जीव म्हणजे काय, हे आपल्या घरातल्या पोरांना वेगळं समजावून सांगावं लागणार नाही. भाच्याची धाकटी पोरगी काचेला नाक लावून अर्धा तास उभी होती, हलायला तयार नाही.

संच घेऊन ठेवला असेल आणि खोकं उघडलं नसेल, तर तिकडची दुकानं बहुतेक परत घेतात. पावती तेवढी शोधून ठेवा.